कर्त्या माणसाची दारू सोडवताना: बेळगाव-खानापूर-निपाणी भागातील कुटुंबांसाठी

पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा कर्ता पुरुष गेला की आपल्या भागात कारण सांगितले जाते ते कावीळ झाली, झटका आला, फिट आली किंवा रात्री विहिरीच्या काठावरून पाय घसरला असे. यांतील काही मृत्यूंमागे वर्षानुवर्षांची दारू असते, हे गावाला ठाऊक असते. मात्र दहाव्याला तो विषय कोणी काढत नाही आणि मृत्यूच्या दाखल्यावरही तो बहुधा येत नाही.

मध्यमवयातील मृत्यूंचा हा प्रश्न जगासमोर ठळकपणे आला तो 2015 मध्ये. ॲन केस आणि अँगस डीटन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की 1999 ते 2013 या काळात अमेरिकेतील 45 ते 54 वयोगटातल्या हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्या लोकांचा मृत्युदर, इतर श्रीमंत देशांप्रमाणे घटण्याऐवजी, वाढत गेला. आणि त्यामागे अमली पदार्थ व दारूची विषबाधा, आत्महत्या आणि यकृताचे जुनाट विकार ही कारणे प्रामुख्याने होती. ही वाढ कमी शिकलेल्यांमध्ये सर्वाधिक होती. हा निष्कर्ष अमेरिकेचा आहे, तेथील अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाची पार्श्वभूमी त्याला आहे, आणि तो उचलून चिकोडी-अथणीला लावणे चुकीचे ठरेल. त्यांची मोजण्याची रीत मात्र घेण्यासारखी आहे. वेगवेगळ्या नावांनी नोंदले जाणारे मृत्यू त्यांनी एकत्र ठेवून पाहिले, आणि घरातल्या माणसाकडेही तसेच पाहावे लागते: पोटाचे दुखणे, रात्रीची भांडणे, "मला जगायचं नाही" हे बोलणे आणि रोजची क्वार्टर या चार वेगळ्या तक्रारी नसतात.

व्यसन हा आजार की चारित्र्याचा दोष, हा वाद घराघरांत चालतो आणि त्यात वेळ जातो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1956 मध्ये मद्यासक्तीला आजार म्हटले. भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था धरल्या आहेत. जुळ्यांवरील अभ्यासांतून दिसते की व्यसनाधीन होण्याच्या जोखमीचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असतो. दुसऱ्या बाजूलाही तथ्य आहे. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुसंख्य अमेरिकन सैनिक मायदेशी परतल्यावर त्या सवयीत पुन्हा अडकले नाहीत, म्हणजे परिस्थिती आणि निर्णय यांना मोल आहे. माझ्या मते कुटुंबाने दोन खाती वेगळी ठेवावीत. सकाळी हात थरथरणे, दारूवाचून झोप न लागणे, ठरवूनही हात न आवरणे हे आजाराच्या खात्यात जाते आणि त्यावर उपचार करायचे असतात. बायकोवर हात उगारणे आणि गंठण गहाण टाकणे हे त्याच्या जबाबदारीच्या खात्यात राहते, आणि आजारी आहे म्हणून ते माफ होत नाही.

शरमेमुळे होणारे नुकसान या वादापेक्षा कितीतरी मोठे आहे. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे 16 कोटी लोक दारू घेतात, 5.7 कोटींहून अधिक लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी जेमतेम एकाने कसलेतरी उपचार घेतलेले असतात.

पहिले काम म्हणजे अंदाज घेणे, आणि तो भांडणाच्या रात्री घेऊ नये. सकाळी, शांतपणे, पिणे कमी करावे असे स्वतःला कधी वाटले का, लोकांनी टोकल्यावर राग येतो का, प्यायल्याबद्दल अपराधी वाटते का आणि सकाळी उठल्याबरोबर अंग सावरण्यासाठी घोट घ्यावा लागतो का, असे चार प्रश्न विचारावेत. दोन उत्तरे "होय" आली तर डॉक्टरांना दाखवावे. शेवटचे उत्तर "होय" असेल तर विलंबच करू नये. प्रमाणही नेमके लिहून ठेवावे: नाइंटी किती, क्वार्टर किती, कोणत्या वेळी, आणि शेवटचा घोट केव्हा.

आता ज्या ठिकाणी आपल्याकडे सर्वांत जास्त घात होतो त्याविषयी. श्रावण लागला, एकादशी आली किंवा महाराजांच्या हातून तुळशीची माळ घातली की माणूस त्या दिवसापासून दारू बंद करतो. वारकरी माळेने कित्येक घरे सावरली आहेत आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो आणि ज्याचे हात सकाळी कापतात, त्याने एका दिवसात दारू तोडणे जीवघेणे ठरू शकते. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 24 तासांत कंप, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. याला घरचे लोक "बाहेरचं लागलं" म्हणून अंगारा लावत बसतात आणि मोलाचे तास निघून जातात. म्हणून माळ जरूर घालावी, पण आधी डॉक्टरांना भेटून, त्यांनी दिलेल्या गोळ्यांच्या आधाराने दारू उतरवून मग घालावी. पूर्वी दारू सोडताना कधी फिट आली असेल किंवा भ्रम झाला असेल, तर घरी प्रयत्न न करता दवाखान्यात दाखलच करावे.

डॉक्टरांपुढे खरे बोलणे हेही तितकेच महत्त्वाचे. "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा" एवढेच सांगितले जाते. दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात ब-1 जीवनसत्त्वाची तूट असते आणि ते न देता नुसते ग्लुकोज चढवल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका असतो; दारूचे कळले तर डॉक्टर आधी ते इंजेक्शन देतात. हर्नियाच्या किंवा मोडलेल्या हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल केलेला माणूस तिसऱ्या दिवशी वॉर्डात बडबडू लागतो, तेव्हाही बहुधा कारण हेच असते की घरच्यांनी दारू लपवलेली असते.

कोठे जावे? बेळगाव शहर आणि खानापूर तालुक्यासाठी सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे बिम्स, आणि केएलई रुग्णालय येथील मनोविकार विभाग जवळचे. गुंतागुंत असेल तर सुमारे 80 किलोमीटरवरील धारवाडची डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. निपाणीकरांना कोल्हापूरचे सीपीआर हे सरकारी रुग्णालय सोयीचे पडते. मराठा लाइट इन्फंट्रीतून किंवा अन्य दलांतून निवृत्त झालेल्यांनी ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या मार्गाने जावे. समुपदेशन मराठीतच मिळेल असे पाहावे. कन्नड बोलणारा सोबती न्यायचा झाल्यास मेव्हणा किंवा मित्र न्यावा; मुलाला किंवा मुलीला दुभाषा करू नये, कारण लेकरापुढे बाप खरे बोलणार नाही. पुण्याला दीर्घ मुक्कामाची तयारी असेल तर अनिल आणि सुनंदा अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र मराठी घरांना परिचित आहे. रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा विनाशुल्क क्रमांक चोवीस तास चालतो.

जाहिरातीत दिसणारी "न कळता दारू सोडवा" अशी पावडर भाजीत कालवून देऊ नये. तिच्यात काय आहे हे कळत नाही. आणि डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे औषध असेल, तर त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळून, हृदयाची गती बिघडून माणूस दगावू शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. तसेच खासगी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवण्यापूर्वी नोंदणीचा दाखला पाहावा, डॉक्टर केव्हा येतात ते विचारावे आणि भेटीला मज्जाव असेल तर तेथून परतावे. साखळीने बांधून ठेवण्यास कायद्याने सरळ बंदी आहे. रुग्ण तयार नसताना दाखल करण्याचीही कायद्यात रीत आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने कायद्याने मान्य असलेल्या व्यक्तीचा अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि तीस दिवसांची मर्यादा.

दारू उतरवण्याला आठवडा पुरतो. त्यानंतरचे वर्ष कठीण असते. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे यकृताची तपासणी करून दिली जातात, आणि ती मध्येच बंद करू नयेत. या काळात मन खचते. "मी गेलेलाच बरा" असे बोलणे धमकी समजून सोडून देऊ नये. उसाच्या फवारणीचे तणनाशक आणि कीटकनाशक कुलपात ठेवावे, शक्य तर शेजाऱ्याच्या घरी ठेवावे. मारहाण होत असेल तर बाईने मुलांना घेऊन माहेरी किंवा सुरक्षित जागी जावे आणि 181 या महिला मदत क्रमांकावर फोन करावा. त्याचा उपचार तिच्या तेथे थांबण्यावर अवलंबून नाही.

पुन्हा प्यायला, तर माळ तुटली, आता काय, असे म्हणून उपचार थांबवू नयेत. तो मधुमेहात साखर वाढण्यासारखा प्रकार समजावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरांना कळवावे: किती दिवसांनी प्यायला, कोणाबरोबर, पगाराच्या दिवशी की जत्रेत, आणि किती. गोळ्या सुरू ठेवायच्या की बदलायच्या, हे त्या उत्तरांवरून डॉक्टर ठरवतात.