जपानी सहकाऱ्यांना रोजचे इंग्रजी समजावून सांगताना

शिंकान्सेन तंत्रज्ञानावर आधारित बुलेट ट्रेनच्या ठाणे स्थानकाचे काम असो किंवा महापे-तुर्भे पट्ट्यातील एखादी कंपनी, जपानी सहकाऱ्यांशी बोलण्याचे माध्यम बहुधा इंग्रजीच असते आणि ती दोन्ही बाजूंची मातृभाषा नसते. त्यांनी एखाद्या वाक्प्रयोगाबद्दल विचारल्यास नुसता अर्थ सांगून थांबू नये. तो कोणत्या प्रसंगी वापरतात आणि त्याला काय उत्तर देतात, हेही सांगावे.

सर्वाधिक घोटाळा नकारार्थी प्रश्नांत होतो. ‘डिडन्ट यू गेट द ड्रॉइंग?’ असे विचारले आणि ड्रॉइंग मिळालेले नसेल, तर जपानी माणूस ‘येस’ म्हणतो, कारण जपानीतील ‘हाइ’चा रोख ‘तुम्ही म्हणता ते बरोबर’ असा असतो. मराठीतही ‘मिळाले नाही का?’ यावर आपण ‘हो, नाही मिळाले’ म्हणतोच, त्यामुळे त्यांची अडचण आपल्याला चटकन कळते. इंग्रजीत मात्र वस्तुस्थिती पाहायची असते: मिळाले नसेल तर ‘नो, आय डिडन्ट’. नुसत्या ‘येस’वर किंवा ‘नो’वर न थांबता पुढचे शब्दही उच्चारण्याची सवय लावावी, म्हणजे पहिला शब्द चुकला तरी ऐकणाऱ्याची दिशाभूल होत नाही. ‘डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ हा प्रश्न आणखी फसवा आहे. त्यात हरकत आहे का असे विचारलेले असल्याने परवानगी देताना ‘नॉट ॲट ऑल’ म्हणावे लागते. अर्थात, मातृभाषा इंग्रजी असलेली माणसेही येथे सर्रास ‘शुअर, गो अहेड’ म्हणतात, आणि माझ्या मते शिकवायला तेच बरे.

‘हाऊ आर यू?’चा गोंधळ वेगळा आहे. ‘ओगेन्की देसु का’ हे जपानीत सहसा काही दिवसांनी भेटलेल्या माणसाला विचारतात. त्यामुळे हा प्रश्न रोज सकाळी लिफ्टमध्ये कानावर पडला, की नवखा माणूस प्रकृतीचे खरेखुरे उत्तर जुळवू लागतो. ‘गुड, थँक्स. अँड यू?’ एवढे पुरते, हे त्यांना सांगावे. त्याच लिफ्टचे दार कोणी धरून ठेवले, तर ते ‘सॉरी’ म्हणण्याचा संभव असतो, कारण ‘सुमिमासेन’ आभारालाही चालते आणि दिलगिरीलाही. तेथे ‘थँक यू’ सुचवावे.

जपानीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांकडेही लक्ष ठेवावे. ‘क्लेम’ म्हणजे तक्रार, ‘सर्व्हिस’ म्हणजे पुष्कळदा फुकट दिलेली वस्तू, आणि घणसोलीत ‘मॅन्शन’ भाड्याने घेतले असे ते म्हणाले, तर बंगला नव्हे, इमारतीतील फ्लॅट समजावा.

आपले इंग्रजीही तपासून घ्यावे. ‘डू द नीडफुल’ आणि ‘प्रीपोन’ त्यांच्या पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाहीत. साहेब ‘आउट ऑफ स्टेशन’ आहेत असे सांगितल्यावर ते ऐरोली स्थानकाबाहेर उभे आहेत, असा समज झाल्यास नवल नाही. तेथे ‘आउट ऑफ टाउन’ म्हणावे आणि परतण्याची तारीखही सांगावी.