गावातल्या शाळेत दोघांचे कलाप्रदर्शन: तयारीची यादी

चित्रे माझी, आणि शेतात, गोठ्यात व भंगारात सापडलेल्या वस्तूंपासून केलेली शिल्पे मित्राची, असे आमचे दोघांचे प्रदर्शन यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी शाळेच्या सभागृहात भरते. अशा प्रदर्शनाची तयारी चित्रांच्या चौकटींपासून सुरू करावी असे कोणालाही वाटेल, पण यादीतले पहिले काम वस्तूंच्या वहीचे आहे. शहरातल्या दालनात वखराची पास, म्हणजे त्याचे लोखंडी पाते, हा केवळ एक आकार असतो. इथे पाहायला येणारा माणूस ती पास कोणाच्या वावरात चालत होती हे सांगतो. मागच्या खेपेस भंगारातून किलोच्या भावाने घेतलेली एक पास, तिला लोहाराने दिलेल्या जोडावरून, एका आजींनी ओळखली आणि त्या बराच वेळ तिच्यापाशी उभ्या राहिल्या. म्हणून प्रत्येक वस्तू कोणाच्या घरची, कायमची दिली की उसनी, तिला कापण्याची किंवा वेल्डिंग करण्याची परवानगी आहे की नाही आणि ती केव्हा परत करायची, हे वस्तू हाती येताच वहीत लिहावे व देणाऱ्याला वाचून दाखवावे.

काय घेऊ नये हेही त्याच वहीत असावे. कीटकनाशकांचे रिकामे डबे आणि जुने फवारणी पंप आकाराने कितीही मोहक वाटले तरी ते सभागृहात आणू नयेत. २०१७ च्या हंगामात आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली आहेत, आणि अशा वस्तूला लहान मुले हात लावणारच. जंगलात पडलेली चितळ-सांबराची शिंगे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वर्ज्य आहेत. नांगरताना निघालेली कोरीव शिळा किंवा शिळावर्तुळाजवळचे, म्हणजे प्राचीन दफनाभोवती रचलेल्या दगडांच्या कड्याजवळचे, लोखंडही उचलू नये, कारण नागपूर जिल्ह्यात जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड येथे अशाच वर्तुळांनी लोहयुगाची माहिती दिली आहे. शिल्पासाठी गंजलेले लोखंड गावात पुरेसे मिळते.

निवडलेले लोखंड तारेच्या ब्रशने घासून त्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. लाकडाला घुण किंवा वाळवी लागली आहे का, हे ते चित्रांच्या खोलीत आणण्यापूर्वीच पाहावे. जवसाच्या बाबतीत चित्रकार आणि शिल्पकार एकत्र येतात, कारण माझ्या तैलरंगांतही तेच तेल असते. ते वाऱ्याने उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, त्यामुळे जाड रंगाच्या चित्राला वॉर्निश देण्याआधी साधारण सहा महिने थांबावे लागते. म्हणजे संक्रांतीनंतरच्या प्रदर्शनाची चित्रे पावसाळ्यातच पुरी व्हायला हवीत. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा मात्र कधीही ढीग करू नये. त्या आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात, आणि ज्या गावात जानेवारीत घरोघरी कापूस भरलेला असतो तिथे ही चूक फार महाग पडेल. चिंध्या पाण्याने भरलेल्या डब्यात टाकाव्यात किंवा उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात.

मांडणीत आमचा खरा वाद झाला. चित्र पाहणारा दोन पावले मागे सरकतो आणि त्याची पाठ शिल्पातल्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, चाकाला लागते. त्यामुळे भिंत आणि शिल्प यांच्यामध्ये किमान पाच फूट जागा मोकळी ठेवावी, आणि जड शिल्पे पत्र्याच्या छपराच्या कैचीला न टांगता जमिनीवरच ठेवावीत. चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर असावा असा संकेत आहे. आम्ही तो शाळेच्या मुलांसाठी १३५ वर आणला, आणि मोठ्या माणसांची त्याबद्दल तक्रार नव्हती. पोपडे निघालेल्या भिंतीवर खिळे टिकत नाहीत, म्हणून बांबूच्या चौकटींवर मांजरपाट ताणून त्यावर चित्रे लावणे बरे. दिव्याचा झोत वरून तिरपा पडावा, म्हणजे वॉर्निश चमकत नाही. वीज जाईल हे गृहीत धरून इन्व्हर्टर सांगून ठेवावा.

वेळ दुपारी चार ते रात्री नऊ ठेवावी, कारण दिवसा लोक वेचणीत आणि तुरीच्या कामात असतात; उद्घाटन बाजाराच्या दिवशी करावे. चिठ्ठ्या मोठ्या अक्षरांत लिहाव्यात, आणि त्यांवर बैलगाडी, परात, घागर असे न लिहिता बंडी, कोपर, गुंड असेच लिहावे. विक्रीचे पैसे ज्याचे त्याचे आणि सभागृहाचा खर्च निम्मा-निम्मा, एवढे दोघांनी आधीच कागदावर आणावे.

उतरवणीच्या दिवशी वही पुन्हा उघडावी आणि उसन्या वस्तू त्याच क्रमाने घरोघरी पोहोचवून प्रत्येकाची सही घ्यावी. आमच्या वहीत तिफणीपुढे, म्हणजे पेरणीच्या अवजारापुढे, मालकाने स्वतःच्या हाताने लिहिले आहे की ती मृगाच्या आधी परत हवी, कारण ती अजून चालते.