कॉन्व्हिक्ट लेकवर ट्राउट गरवायला जाताना : कुटुंबाच्या तयारीची यादी

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पूर्वेकडच्या अंगाला, मॅमथ लेक्स गावाच्या दक्षिणेस, महामार्ग ३९५ सोडून सुमारे दोन मैल आत गेले की कॉन्व्हिक्ट लेक लागते. साधारण ७,६०० फुटांवरचे, उभ्या कड्यांच्या पायथ्याशी वितळत्या बर्फाच्या पाण्याने भरलेले हे तळे मुले, आईवडील आणि आजी-आजोबा अशा तीन पिढ्यांनी मिळून ट्राउट हा थंड, गोड्या पाण्यातला मासा गरवायला जाण्यासाठी मला सर्वांत सोयीचे वाटते, कारण गाडी थेट काठापर्यंत जाते आणि दगडांवरून फार न चढता-उतरता गळ टाकायला जागा मिळते. गेली काही वर्षे आम्ही जूनअखेरीस तेथे जात आहोत आणि एक गोष्ट आता मनात पक्की झाली आहे : या सहलीचा जीव पहाटेच्या पहिल्या दोन-तीन तासांत असतो. त्या वेळी पाणी निवांत असते, मासा खाण्यासाठी काठाजवळ आलेला असतो. दुपारी वारा सुटला की काठावर बसणेही सुखाचे राहत नाही. म्हणून पुढची यादी सामानाच्या प्रकारांप्रमाणे न लावता, पहाटे साडेपाच वाजता सगळ्यांनी काठावर उभे राहायचे असेल तर त्याआधी काय काय झालेले असले पाहिजे, या हिशेबाने लावली आहे.

पहिले काम मुक्कामाचे, आणि ते हिवाळ्यातच करावे लागते. तळ्याजवळच्या वनविभागाच्या कॅम्पग्राउंडमधील जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर सहा महिने आधी खुल्या होतात आणि उन्हाळी सुट्टीतल्या तारखा पाहता पाहता भरतात. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर तंबूचा हट्ट धरू नये. जूनमध्येही रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा त्यांच्यासाठी केबिन किंवा मॅमथ लेक्स गावातली खोली घ्यावी. मात्र गावात राहिल्यास पहाटे गाडीने यावे लागते, हे गृहीत धरून बाकीचे वेळापत्रक आखावे.

तारीख ठरवताना मासेमारीचा हंगाम पाहावा. या भागातल्या तळ्यांवर ट्राउटचा हंगाम एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी सुरू होतो आणि १५ नोव्हेंबरला संपतो. तरीही राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाची त्या वर्षाची नियमावली निघण्यापूर्वी एकदा वाचावी, कारण एकाच तालुक्याएवढ्या टापूत तळ्याला एक आणि शेजारच्या ओढ्याला दुसरा नियम असू शकतो. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक गळ टाकणाऱ्याला परवाना लागतो. भारतातून आलेले आजोबा गळाची काठी हातात धरणार असतील तर त्यांनाही लागतो; त्यांच्यासाठी एक किंवा दोन दिवसांचा परवाना पुरतो. आपला वार्षिक परवाना आता घेतल्या दिवसापासून ३६५ दिवस चालतो, त्यामुळे तो सहलीच्या सुमारास घेतला तर पुढच्या जूनपर्यंत उपयोगी पडतो. माणशी दिवसाला पाच ट्राउट आणि जवळ बाळगायचे एकूण दहा, ही मर्यादा मुलांनाही लागू आहे, आणि एका वेळी एकच काठी वापरता येते. दुसरी वापरायची असेल तर परवान्यावर वेगळे शुल्क भरावे लागते. परवाने घरीच छापून घ्यावेत आणि ओलाव्यापासून जपण्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत. डोंगरात फोनच्या भरवशावर राहू नये.

रस्त्याची तयारी आपण कोठून निघतो यावर अवलंबून आहे. लॉस एंजेलिसहून साधारण तीनशे मैल पडतात आणि बिशप गाव सोडल्यावर चढ लागतो. पेट्रोल, बर्फ आणि विसरलेली औषधे तेथेच घेऊन टाकावीत. सॅन फ्रान्सिस्कोकडून येणाऱ्यांना योसेमिटीमधून टायोगा खिंडीचा रस्ता जवळचा, पण ही खिंड ९,९४३ फुटांवर आहे, हिवाळ्यात बंद असते आणि भरपूर बर्फ पडलेल्या वर्षी जून उजाडला तरी उघडत नाही. ती उघडी आहे याची खात्री निघण्याच्या आदल्या दिवशी करावी आणि उत्तरेकडून फिरून येण्याचा दुसरा मार्ग कागदावर लिहून ठेवावा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर वणवे आणि धूर यांचीही चौकशी करावी.

उंचीकडे आपली माणसे दुर्लक्ष करतात. कळसूबाईचे शिखर सुमारे ५,४०० फूट आहे. आपण झोपणार आहोत ती जागा त्याहून दोन हजार फुटांनी उंच आहे. म्हणून पहिल्या दिवशी फक्त पोहोचावे, भरपूर पाणी प्यावे, हलके जेवावे आणि लवकर झोपावे. कोणाला दम्याचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, नेहमीची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत आणि आजी-आजोबांच्या प्रवासविम्याचे कागद त्यांच्याच पिशवीत ठेवावेत. डोकेदुखी आणि मळमळ वाढतच गेली तर थांबून पाहू नये, खाली उतरावे.

आता गळाच्या सामानाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण येथेच बहुतेक कुटुंबांचा पहिला दिवस वाया जातो. पहिल्या वर्षी आम्ही एका मोठ्या दुकानातून काठी, रीळ आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) असा तयार संच आणला होता. तंगूस इतका जाड होता की त्या नितळ पाण्यात तो मलाच दहा पावलांवरून दिसत होता, मग माशाला दिसला यात नवल नाही. सकाळभर एकही मासा लागला नाही आणि धाकटी रडकुंडीला आली. शेजारच्या खडकावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी न बोलता आपल्या रिळातला वावभर बारीक तंगूस तोडून दिला, तेव्हा कोठे दुपारपूर्वी पहिला रेनबो ट्राउट हाती आला. तेव्हापासून आम्ही चार पौंड ताकदीचाच तंगूस नेतो. सहा-साडेसहा फुटांची हलकी काठी आणि लहान रीळ मोठ्यांना पुरते. सात-आठ वर्षांच्या मुलाला त्याहून आखूड काठी द्यावी, म्हणजे मनगट दुखत नाही.

जोडणी साधी आहे, पण ती आदल्या रात्री दिव्याखाली बसून करावी. पहाटे गारठलेल्या बोटांनी ती होत नाही. मधोमध भोक असलेले लहानसे शिसे तंगुसात ओवावे, त्याच्याखाली छोटी फिरती कडी बांधावी, कडीपुढे दीड-दोन फूट तंगूस सोडावा आणि टोकाला १६ किंवा १८ क्रमांकाचा तीन काट्यांचा गळ बांधावा. क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान, हे दुकानात लक्षात ठेवावे. या तळ्यांवर पॉवरबेट नावाचे रंगीत, कणकेसारखे मऊ आमिष सर्रास वापरतात. त्याची हरभऱ्याएवढी गोळी गळाभोवती अशी दाबावी की एकही काटा दिसू नये. ही गोळी तरंगते, त्यामुळे शिसे तळाला बसले तरी आमिष तळापासून हातभर वर डोलत राहते, आणि माशाने ते ओढले की तंगूस शिशातून सरकतो, त्याला ओझे जाणवत नाही. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी. कोरडी गाठ ओढली की तंगूस घासून तापतो आणि नेमका तेथेच तुटतो. हे मला माझ्या सासऱ्यांनी दाखवले. त्यांचे बालपण दापोलीकडच्या खाडीत गरवण्यात गेले, आणि ट्राउट त्यांनी वयाच्या सत्तरीनंतर प्रथमच पाहिला असला तरी गाठ त्यांचीच पक्की बसते.

याखेरीज दोन-तीन चकाकती पत्र्याची आमिषे, डबीभर गांडुळे, जादा गळ, जादा शिसे, दांड्याची जाळी, लांब चोचीची पक्कड आणि तंगूस कापायची कात्री एका चपट्या डब्यात भरावी. पक्कड विसरू नये. माशाने गळ खोल गिळला असेल आणि तो मासा सोडायचा असेल, तर गळ उपसण्याऐवजी तंगूस तोंडाजवळ कापावा, आणि माशाला हात लावण्याआधी हात पाण्यात भिजवावेत. तुटलेला तंगूस काठावर टाकू नये. त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. त्यासाठी एक रिकामा डबा सोबत असावा.

कपड्यांच्या बाबतीत पहाट हिवाळा आणि दुपार उन्हाळा असे समजून चालावे. प्रत्येकाला अंगालगतचा पातळ थर, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा, त्यावर वारा आणि पाऊस अडवणारे जाकीट असे तीन थर हवेत, शिवाय कानटोपी आणि बोटे उघडी राहतील असे हातमोजे. मुलांच्या बुटांचे आणि मोज्यांचे दोन जोड घ्यावेत. पहिला जोड तासाभरात ओला होणार हे धरूनच चालावे. ऊन चढल्यावर रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन आणि पाण्यावरची चमक कापणारा काळा चष्मा लागतो. त्या चष्म्यातून पाण्याखालचा मासा दिसतो, म्हणून मुले तो आपण होऊन लावतात. संध्याकाळी डास येतात, त्यांचे मलम बाहेरच्या कप्प्यात ठेवावे. मात्र ते लावलेल्या हातांनी आमिष हाताळू नये.

पाण्याबाबत मात्र मी कोणाचेही ऐकत नाही. हे पाणी बर्फाचे आहे आणि काठापासून थोड्याच अंतरावर तळ खोल जातो. मध्यभागी खोली शंभर फुटांहून अधिक आहे. अशा थंड पाण्यात पडल्यावर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो आणि हातपाय काही मिनिटांत निकामी होतात. फेब्रुवारी १९९० मध्ये येथे गोठलेल्या तळ्यावरून चालताना बर्फ फुटला, आणि तीन मुले व त्यांना वाचवायला धावलेले चौघे असे सात जण गेले. म्हणून हंगामाच्या आरंभी, एप्रिलअखेरीस जाणाऱ्यांनी उरल्यासुरल्या बर्फावर पाऊल ठेवू नये. होडी भाड्याने घेतल्यास तेरा वर्षांखालील मुलांनी चालत्या होडीत लाइफ जाकीट घालणे कायद्याने बंधनकारक आहे. आमच्या घरात ते आजोबांसह सर्वांना आहे, आणि लहान मुलांना काठावरही आहे. मुलांच्या मापाची जाकिटे घरून न्यावीत. घरीच घालून, पट्टे आवळून, खांद्यांना धरून वर उचलून पाहावीत. जाकीट कानापर्यंत सरकले तर ते मोठे आहे. होडीत बसायचे ते सकाळीच, आणि दुपारच्या ढगांचा पहिला गडगडाट ऐकताच काठ गाठायचा व काठ्या खाली ठेवायच्या.

स्वयंपाकघर लहान ठेवावे, पण कुकर न्यावाच. एवढ्या उंचीवर पाणी साधारण ९२ अंश सेल्सियसलाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासभर शिजवली तरी बोटचेपी होत नाही. पहाटेसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळपोळ्या घरून कराव्यात. चहा रात्रीच थर्मासमध्ये भरता आला तर उत्तम. घरात कोणी शाकाहारी असतील तर त्यांचा तवा आणि उलथने वेगळ्या रंगाच्या पिशवीत ठेवावे, म्हणजे काठावर कोणाला अवघडल्यासारखे होत नाही.

मासा मिळाला तर काय करायचे, याचीही तयारी लागते. कूलर आणि बर्फ आधीच हवा. पकडलेला ट्राउट उन्हात दोरीला लटकवून ठेवला तर त्याचे मांस मऊ पडते. तो लवकर साफ करावा. सुरमईला लागते तशी धारदार मोठी सुरी लागत नाही, लहान टोकदार चाकू पुरतो, आणि खवले इतके बारीक असतात की काढावे लागत नाहीत. पोट चिरून आतडी आणि कल्ले काढल्यावर कण्याला चिकटलेली काळपट लाल पट्टी दिसते. ती अंगठ्याच्या नखाने किंवा चमच्याच्या टोकाने खरवडून पाण्याने स्वच्छ धुवावी, नाहीतर तळल्यावर कडवट चव येते. हळद, मीठ, तिखट, आले-लसणाचे वाटण आणि आगळ यांचा मसाला घरूनच एका बाटलीत भरून न्यावा व सोबत पिशवीभर बारीक रवा घ्यावा. ट्राउटला मसाला पातळच लावावा. त्याची स्वतःची चव नाजूक असते आणि बांगड्याचा मसाला तिला झाकून टाकतो.

या भागात काळी अस्वले वावरतात. खाण्याचे सारे पदार्थ, कूलर, वापरलेला तवा, टूथपेस्ट आणि आमिषाच्या बाटल्यासुद्धा रात्री कॅम्पग्राउंडच्या लोखंडी पेटीत बंद करावेत, गाडीत किंवा तंबूत ठेवू नयेत. माशाची आतडी नेमलेल्या जागी किंवा अस्वलाला उघडता येणार नाही अशा कचरापेटीतच टाकावीत, आणि कूलरमधले माशाचे पाणी तंबूच्या आसपास ओतू नये. शेकोटी पेटवण्यापूर्वी त्या दिवशी आगीवर बंदी आहे का, हे विचारावे.

उरते ती आदली रात्र. जोडलेल्या काठ्या दाराशी उभ्या कराव्यात, गळ काठीच्या कडीत अडकवून वर कापडाची चिंधी गुंडाळावी. शेजारी चपटा डबा, जाळी, परवान्यांची पिशवी आणि लाइफ जाकिटे ठेवावीत. मुलांना उद्याचे आतले कपडे घालूनच झोपवावे आणि बूट त्यांच्या उशाशी ठेवावेत. कपाळावर बांधायचे दिवे प्रत्येकाच्या हाताशी असावेत. गजर पावणेपाचचा लावावा, आणि जो सर्वांत आधी उठेल त्याने चहा गरम करून मगच बाकीच्यांना हाक मारावी.