टेस्टोस्टेरॉन-कॉर्टिसॉलची तपासणी: आधी झोप, मग सुई

चिठ्ठी घेणं, लॅब गाठणं, पैसे विचारणं सगळ्यांना जमतं. पण "केव्हाही या, रक्त घेऊन टाकू" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

निरोगी तरुणात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) सकाळी सर्वाधिक असतं. संध्याकाळपर्यंत ते पाव हिस्स्यानं किंवा त्याहूनही जास्त उतरू शकतं. म्हणून नमुना सकाळी 7 ते 10 मध्ये, उपाशीपोटी द्या. साखरेचा चहासुद्धा नको, साखरेनं आकडा खाली येतो.

खरी अडचण यापुढे आहे आणि तिथं मी स्वतः चुकलो. रब्बीच्या दिवसांत एक पोरगा बरोबर 8 ला हजर झाला. मी फक्त घड्याळ पाहिलं आणि रक्त घेतलं. आकडा कमी आला, घरचे घाबरले. नंतर कळलं, तीन रात्री तो वावरात जागलीला होता, रानडुकरं अन् रोही हाकलत. टेस्टोस्टेरॉन झोपेत चढतं. झोपच नाही तर सकाळी ते चढलेलं दिसणार कुठून?

कॉर्टिसॉल म्हणजे ताणाचं हार्मोन, त्याची चाल निराळी. ते मेंदूतल्या घड्याळावर चालतं, एका जागरणानं फारसं जागचं हलत नाही. मध्यरात्रीच्या सुमारास तळाला, पहाटे वर, आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळी. म्हणून उठल्याची वेळ कागदावर लिहायलाच लावा. 5 ला उठलेला आणि 8 ला उठलेला, दोघांचं 8:30 चं रक्त सारखं नसतं.

ओलिताला रात्रीची लाईन (वीज) असेल त्या आठवड्यात जाऊच नका. जागल भावाकडे द्या, दोन-तीन रात्री पोटभर झोपा, मग या. ताप असेल तर पुढं ढकला. स्टेरॉईडचं मलम, गोरं करणारी क्रीम, दम्याचा पंप, केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या, जे चालू असेल ते डॉक्टरांना सांगा. स्वतःहून बंद करू नका.

कॉर्टिसॉलसाठी रात्रीची लाळ मागितली असेल तर त्या संध्याकाळपासून खर्रा (तंबाखू-सुपारी) बंद. हिरडीतून रक्त आलं की नमुना वाया.

टेस्टोस्टेरॉनचा आकडा कमी आला तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा तपासा. एका रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेणं मला अजिबात मान्य नाही: बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, शुक्राणूही घटतात. त्या पोराचं लग्न ठरत होतं. आठवडाभर घरी झोपून तो परत आला, तेव्हा आकडा चांगला होता.