घरच्या सर्व्हरमधील डिस्क बिघडली तर काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

चार-सहा डिस्क जोडलेल्या घरच्या सर्व्हरवर पूल (सगळ्या डिस्क मिळून झालेला एकच साठा) ‘डिग्रेडेड’, म्हणजे एखाद्या डिस्कविना अपुरा, झाल्याची सूचना आली, की बहुतेकांचा हात आधी बंद करण्याच्या बटणाकडे आणि मग संशयित डिस्ककडे जातो. ही घाई अनेकदा मूळ बिघाडापेक्षा महाग पडते. रेड ५ किंवा रेड-झेड १ या डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवण्याच्या पद्धतींमध्ये एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो, दुसरी गेली की टिकत नाही. आणि चुकून चांगली डिस्क काढली, तर ती दुसरी डिस्क आपणच घालवलेली असते. म्हणून दोष नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत काही काढू नये, काही फॉरमॅट करू नये आणि पूलवर नवीन काही लिहू नये.

पूल वाचता येत असेल, तर जे पुन्हा मिळणार नाही ते सर्वांत आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे: चवथीचे फोटो, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या भजनांची ध्वनिमुद्रणे, एक-चौदाच्या (गोव्यातील जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यांचे आणि जुन्या दस्तांचे स्कॅन. चित्रपट राहिले तरी चालतील. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे अशा वेळी प्रकर्षाने जाणवते.

त्यानंतर सर्व्हर काय सांगतो ते नीट वाचावे. झेडएफएस ही फाईल व्यवस्था असेल तर ‘झेडपूल स्टेटस’ ही आज्ञा प्रत्येक डिस्कपुढे रीड, राइट आणि चेकसम (वाचलेला डेटा मूळच्याशी न जुळणे) असे चुकांचे तीन रकाने दाखवते. लिनक्सचे सॉफ्टवेअर रेड (एमडी) असेल तर ‘एमडीस्टॅट’ फाईल आणि ‘एमडीएडीएम’ या आज्ञेची तपशीलवार माहिती पाहावी. चुका एकाच डिस्कपुढे असतील तर संशय त्या डिस्कवर किंवा तिच्या केबलवर जातो. दोन-तीन डिस्कपुढे एकदमच चेकसमच्या चुका दिसू लागल्या, तर कंट्रोलर, रॅम किंवा एसएमपीएस (सर्व्हरला वीज पुरवणारा भाग) तपासावा, कारण इतक्या डिस्क एकाच दिवशी मरणे विरळा.

आता ‘स्मार्टसीटीएल’ ही आज्ञा चालवून त्या डिस्कचा ‘स्मार्ट’ तक्ता, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवलेल्या नोंदी, काढावा. त्यातल्या चार ओळी महत्त्वाच्या आहेत आणि त्यांतही शेवटचा, म्हणजे मूळ आकड्याचा रकाना पाहायचा असतो. ओळ ५ (हा ओळीचा ओळख क्रमांक, पाचवी ओळ नव्हे) म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्याने निर्णयासाठी थांबलेले सेक्टर आणि १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत दुरुस्त न झालेले सेक्टर. हे आकडे शून्यावरून हलले आणि आठवड्यागणिक वाढत राहिले, तर डिस्क बदलण्याची तयारी करावी. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात, तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतर डिस्कच्या ३९ पट आढळली होती. याच अभ्यासात बिघडलेल्या डिस्कपैकी बऱ्याच डिस्कनी अशी कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती, त्यामुळे तक्ता स्वच्छ दिसला म्हणून डिस्कला निर्दोष ठरवू नये. सीगेटच्या डिस्कमध्ये ओळ १ आणि ७ चे आकडे प्रचंड दिसतात. त्यांची रचनाच तशी असते, त्यांना घाबरू नये.

चौथी ओळ १९९. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये डेटा बिघडल्याचे ती मोजते आणि बहुतेक वेळा दोष साटा केबलचा असतो. गोव्यात या ओळीकडे विशेष लक्ष द्यावे असे माझे मत आहे: किनाऱ्यालगतच्या घरांत खारी, दमट हवा वर्षभर खेळत असते, जून ते सप्टेंबर तर भिंतीही ओल धरतात, आणि अशा हवेत कनेक्टरचे संपर्क मळतात. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही. म्हणून तो वहीत लिहून ठेवावा, सर्व्हर बंद करून वीज काढावी, नवी केबल घट्ट बसवावी आणि पूल पूर्ण वाचणारा स्क्रब चालवावा. आकडा जिथल्या तिथे राहिला तर बिघाड केबलचा होता. तरीही वाढला तर दोन डिस्कच्या केबलची अदलाबदल करावी. चूक डिस्कबरोबर गेली तर दोष डिस्कचा, केबलबरोबर गेली तर केबलचा किंवा पोर्टचा. झेडएफएस आणि एमडी आपल्या डिस्क त्यांच्यावरच्या खुणेने ओळखतात, त्यामुळे पोर्ट बदलल्याने पूल बिघडत नाही.

विजेचाही विचार करावा. मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाटासह येणारा पाऊस, क्षणभर जाऊन परत येणारी वीज आणि नीट नसलेले अर्थिंग यांमुळे डिस्क मधूनच नाहीशा होतात आणि पुन्हा उगवतात. यूपीएस हवाच, पण त्याची यूएसबी तार सर्व्हरला जोडून बॅटरी संपण्याआधी सर्व्हर आपणहून बंद होईल अशी व्यवस्था केली, तरच त्याचा पुरता उपयोग होतो.

डिस्कच दोषी ठरली तर ती सिरीयल नंबर पाहूनच काढावी. ‘एसडीबी’सारखी नावे सर्व्हर पुन्हा सुरू झाला की बदलू शकतात, नंबर डिस्कच्या लेबलावर छापलेला असतो आणि स्मार्टसीटीएलही तोच दाखवतो. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी असावी आणि सीएमआर पद्धतीची, म्हणजे डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी, असावी. काही नास (नेटवर्कवरील साठवणीसाठीच्या) डिस्क एसएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिण्याच्या, पद्धतीच्या असल्याचे २०२० साली उघड झाले, आणि अशा डिस्कवर रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणे) अतिशय रेंगाळते. नवी डिस्क आल्यावर तिची लांब स्मार्ट चाचणी आधी करून घ्यावी. जुनी डिस्क थोडीफार वाचता येत असेल आणि जागा असेल, तर ती जोडलेली ठेवूनच बदलीची आज्ञा द्यावी. तिच्यावरचा वाचणारा भाग मग उपयोगी पडतो.

रीबिल्ड चालू असताना दुसरी डिस्क चुका देऊ लागली तर तिथेच थांबावे. ‘डीडीरेस्क्यू’ या खराब डिस्क वाचणाऱ्या साधनाने त्या डिस्कची प्रत नव्या डिस्कवर काढावी, कुठवर वाचले याची नोंद ठेवणारी मॅप फाईल द्यावी, आणि पुढचे सगळे प्रयोग प्रतींवर करावे. नवा अ‍ॅरे (डिस्कचा संच) ‘क्रिएट’ करण्याचा सल्ला कुणी दिला तरी मूळ डिस्कवर तो पाळू नये.

रीबिल्ड संपल्यावर स्क्रब चालवावा, चारही ओळींचे आकडे पुन्हा लिहून घ्यावेत, आणि जुनी डिस्क वॉरंटीत परत करायची असेल तर ती चालते तोवर तिच्यावरचा डेटा पुसून टाकावा.