कांग यात्से दोन: घाई लेहलाच सोडून या

कांग यात्से दोन हे लडाखमधल्या मारखा खोऱ्यावरचं बर्फाचं शिखर. त्यासाठी लेहला विमानातून उतरलात की थेट साडेतीन हजार मीटरवर. गेस्ट हाऊसचा जिना चढतानाही धाप लागते. लागू द्या. पहिले दोन दिवस नुसतं लोळा, पाणी प्या, दारूला हात लावू नका. पहिल्या वर्षी मी दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला या उंच खिंडीत जाऊन फोटो काढून आले आणि तिसऱ्या दिवशी चालायला लागले. वाटेवरच्या निमालिंगच्या मुक्कामाला डोकं असं ठणकायला लागलं की डाळभाताचा वास नको झाला. शिखर समोर दिसत होतं आणि मी परत फिरले.

सह्याद्रीत दर रविवारी चढत असाल तर पाय तयार होतात, पण कळसूबाई १६४६ मीटरची. विरळ हवेची सवय तिथं होत नाही, ती इथंच रात्री काढून लावावी लागते. तीन हजारांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही. मारखा खोऱ्यात स्किऊ, मारखा, हणकर असे मुक्काम होतात. हणकरहून निमालिंग एका दमात गाठू नका. मध्ये थाचुंगत्सेला राहा आणि निमालिंगला एक दिवस जास्त काढा. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा.

डोकेदुखीबरोबर उलटी झाली, तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, की लगेच खाली. निमालिंगवरून कोंगमारू ला ही खिंड ओलांडली की पलीकडे गाडीरस्ता मिळतो, हा मोह टाळा. आजारी माणसाला आधी वर चढवायचं नसतं. हणकरकडे उतरा.

शिखर सुमारे ६२५० मीटरचं. त्यासाठी भारतीय गिर्यारोहण संस्थेची परवानगी लागते, पण ते एजन्सी बघते. तुम्ही क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे दात, बघा. भाड्याचे क्रॅम्पॉन लेहमध्येच स्वतःच्या बुटावर चढवून पाहा. जाड हातमोजे घालून, दिवा बंद करून पट्टे बांधता यायला हवेत. मला पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली होती. वर अंधारात, थंडीत तेवढ्या वेळात बोटं बधिर होतात.

बेस कॅम्पवरून रात्री अकराच्या सुमारास निघतात. बाटली पिशवीत उलटी ठेवा; बर्फ वरून धरतो, मग झाकणाशी पाणी मोकळं राहतं. टॉर्चचे जादा सेल आतल्या खिशात ठेवा. बर्फाच्या उतारावर प्रत्येक पावलाला मागचा गुडघा सरळ करून वजन हाडांवर टाका, श्वास घ्या, मगच पुढचं पाऊल. मागचा माणूस पुढे गेला तर जाऊ द्या.

परत फिरायची वेळ खालीच ठरवा. आमची सकाळी आठची होती. दुसऱ्या वर्षी मी सव्वासातला वर पोचले. पंधरा मिनिटांत गाइडने उतरायला लावलं, तेव्हा त्याचा जरा रागच आला. पण ऊन चढलं की बर्फ मऊ होतो आणि क्रॅम्पॉनखाली त्याचे गोळे चिकटतात. दात बर्फात रुततच नाहीत. दर काही पावलांनी आइस अ‍ॅक्सच्या दांड्याने बूट ठोकून ते झाडत उतरा.