आरोग्य योजनेचं कार्ड घेऊन त्वचारोगतज्ज्ञ शोधताय? या चुका टाळा

मावशीच्या कमरेला गजकर्ण झालं तेव्हा ती आयुष्मान कार्ड पिशवीत टाकून थेट तालुक्यातल्या एका स्किन स्पेशालिस्टकडे गेली. दीड तासाने नंबर लागला, तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, हे कार्ड इथे चालत नाही." पैसे जवळ नव्हते. मावशी तशीच परत आली आणि येताना मेडिकलमधून एक ट्यूब घेऊन आली. खरा घोळ त्या ट्यूबने केला, पण ते पुढे सांगते.

कार्ड कशाला चालतं हे आधी नीट समजून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही योजना महाराष्ट्रात एकत्र राबवल्या जातात आणि १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण हा पैसा प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या, ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी असतो. गजकर्ण, खरूज, मुरुम, सोरायसिस, अंगावर पित्त उठणं यांसाठी सहसा कोणी दाखल होत नाही. तपासतात आणि औषध लिहून घरी पाठवतात. म्हणून 'कार्ड घेणारा खासगी त्वचारोगतज्ज्ञ' शोधत फिरण्यात दिवस वाया जातात. डॉक्टर अडवणूक करत नसतात, ते उपचार योजनेत बसतच नाहीत.

मग जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यासाठी कुठलंच कार्ड लागत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या विभागाकडे येतात. तिथे केसपेपरचे थोडे पैसे पडतात, पण पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल, संभाजीनगरची घाटी, कोल्हापूरचं सीपीआर अशा ठिकाणी त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग असतो. निघण्याआधी त्वचेच्या ओपीडीचे वार विचारून घ्या आणि सकाळी लवकर पोचा. मला विचाराल तर अवघड, जुनाट आजारासाठी मी मेडिकल कॉलेजच निवडेन. दिवसभरात तिथले डॉक्टर जितके प्रकार पाहतात, तितके छोट्या दवाखान्यात येत नाहीत.

पगारातून ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) कापलं जात असेल तर गोष्ट वेगळी, आणि इथे लोक हक्काचं सोडून देतात. ईएसआयमध्ये ओपीडीही येते, घरच्यांसकट. फक्त क्रम चुकवू नका: आधी आपला नेमून दिलेला दवाखाना, तिथून रेफरची चिठ्ठी, मग ईएसआय रुग्णालयातला तज्ज्ञ. चिठ्ठी न घेता खासगीत गेलात तर त्या बिलाचे पैसे मिळतील असं धरून चालू नका. ईएसआय कार्डावर आईवडिलांची, मुलांची नावं चढली आहेत का, तेही आजच बघा.

आता ती ट्यूब. गजकर्णावर मेडिकलमधून मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो. आत बुरशी मात्र पसरत राहते, चट्ट्याचं रूप बदलतं आणि तज्ज्ञालाही ओळखणं कठीण जातं. मावशीचं कमरेवरचं मांडीपर्यंत आलं ते याच मलमाने. तज्ज्ञ मिळेपर्यंत असं मलम लावू नका. आधीच लावलं असेल तर लपवू नका, रिकाम्या ट्यूबसुद्धा सोबत न्या. जाताना चट्ट्यावर हळद, मेंदी नको. पित्ताच्या गांधी डॉक्टरांसमोर नेमक्या गायब होतात, म्हणून उठल्या की मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टोचलेलं, गरम-गार कळत नसेल, तर तज्ज्ञ शोधत बसू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाचं बहुविध औषध तिथे मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर नसा कायमच्या जातात. लाजेपायी हा चट्टा कुणी झाकून ठेवू नये, एवढं मी हात जोडून सांगते.

आयुष्मान कार्ड खरोखर कामी येतं ते गंभीर आजारात. नवीन गोळी सुरू केल्यावर ताप येणं, तोंडात-डोळ्यांत फोड, कातडी सुटणं, किंवा पेम्फिगससारखे अंगभर फोड: अशा वेळी रुग्णाला तातडीने मोठ्या रुग्णालयात न्या. हे आजार योजनेच्या यादीत आहेत. इथे आणखी एक चूक होते: रुग्णालय योजनेत आहे एवढंच लोक बघतात. पण प्रत्येक रुग्णालय सगळ्या विभागांसाठी जोडलेलं नसतं. शक्य असेल तर घरातल्या एकाने वाटेतच १५५३८८ वर फोन करून विचारावं, "त्वचारोगासाठी जोडलेलं जवळचं रुग्णालय कोणतं?" पोचल्यावर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, कक्ष गाठा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी कोणी रोख मागितली तर तक्रारही त्याच नंबरवर करता येते.

मावशीला शेवटी जिल्हा रुग्णालयात नेलं. चट्टा खरवडून बुरशीची तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या, आणि घरात ज्यांना ज्यांना खाज होती त्या सगळ्यांना डॉक्टरांनी एकदमच बोलावलं.